डाव्या बाजूचा डोळा

माझे वडील विस्टिन होड्यांना डोळे काढायचे.
मार्साश्लोकच्या किनाऱ्यावर ओढलेल्या लुत्सूच्या नाळेपाशी
मांडी घालून बसत. आधी भुवई,
मग पांढरं, मग बुबुळ, सर्वांत शेवटी बाहुली.
बाहुली काढताना बोलत नसत.
आम्हीही गप्प.
ती बसली की होडीला म्हणत, हं, बघ आता.

छप्पनचा ऑक्टोबर संपत आला होता.
रात्री लष्करी ट्रक आला, ज्याला कुंचला धरता येतो त्याला उचलत.
बाबांनी मला बरोबर घेतलं, डबा धरायला.
लुआच्या धावपट्टीवर दिव्यांच्या उजेडात
कॅनबेरा उभी होती, रांगेनं,
पोटाखाली माणूस वाकून जाईल एवढी.
मी एवढं गुळगुळीत काही पाहिलं नव्हतं.
खिळा नाही, सांधा नाही, कुठं शेवाळ नाही.

कॉर्पोरल पिल्बीमकडे एक कागद होता, हातानं काढलेला.
पंखांना पट्टे, शेपटीकडे पट्टे,
पिवळा काळा पिवळा काळा पिवळा,
प्रत्येक दोन फूट रुंद, पहाटेच्या आत.
कशासाठी, बाबांनी विचारलं.
आपल्याच लोकांनी पाडू नये म्हणून, तो म्हणाला,
आणि खडूची दोरी ताणायला लागला.

दोनच्या सुमाराला पिवळा संपला.
कोठारात नव्हता, गोदीत नव्हता.
मग ट्रक मला घेऊन गावात गेला
आणि खाटेखालचा आमचा डबा आला,
स्पिरूच्या होडीसाठी जपलेला.
कुंचलेही झिजले होते. शेवटचा पंख
आम्ही अंगण झाडायच्या केरसुणीनं रंगवला.

बाबा एकदाच थांबले, पंखावरल्या गोलापाशी.
तांबडा ठिपका, पांढरं कडं, निळं कडं.
हात न लावता बराच वेळ पाहिलं.
पापणी विसरलेत, म्हणाले,
हा मिटणार कसा?

उजाडताना एक वैमानिक आला, कोवळा, कान लाल.
पट्ट्यावर अंगठा टेकवला. ओला होता.
अंगठ्याकडे बघून हसला, रुमालाला पुसला, गेला.
त्या पिवळ्यावर अंगठ्याचा ठसा राहिला.
कॉर्पोरल म्हणाला, राहू दे.

त्या आठवड्यात रेडिओवर कैरोजवळच्या विमानतळांची नावं येत होती.
आईनं खटका बंद केला.
बेचाळीस साली ती तळघरात बसून विमानं मोजायची,
कुणाच्या पंखावर कसली खूण ते तिनं कधी पाहिलं नाही,
खूण बघायला वर यावं लागतं.
तिकडेही कुणी आता खाली बसलं असेल,
एवढंच बोलली, आणि मासे साफ करायला घेतले.

ऑक्टोबरात पट्टे काढले.
डिसेंबरात तेच पट्टे काढले, थिनर आणि चिंध्यांनी.
नाताळच्या जेवणाला बाबांची नखं पिवळी होती.
अंगठ्याचा ठसा मी शोधला.
त्या नंबराचं विमान रांगेत नव्हतं.
दुसरीकडे पाठवलंय, पिल्बीम म्हणाला,
आणि मी पुढं विचारलं नाही.

स्पिरूच्या होडीला तो हिवाळा एकच डोळा होता, उजवा.
डाव्याची भुवई तेवढी काढलेली,
खाली कोरं लाकूड.
लष्कराकडून डब्याचे पैसे आले नव्हते,
ते आले तरी बाबा काढतील की नाही, कुणी विचारत नव्हतं.
स्पिरू कुरकुरला नाही. मला म्हणाला, तू चल.
डाव्या बाजूला बस, डोळ्यात तेल घालून.

मी बसायचो. खडक सांगायचो, बोया सांगायचो,
एकदा लाकडी पेटी सांगितली, ती रिकामी निघाली.
फेब्रुवारीत एका सकाळी डोक्यावरून आवाज फाटत गेला.
मी आवाजाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं.
जेट आवाजाच्या पुढं असतं, हे मला तोवर कळलं होतं,
तरी मान आधी तिकडेच वळायची.
नजर पुढं, आणखी पुढं सरकवली,
तेव्हा एक रुपेरी कण सापडला,
पट्टे नाहीत, गोल नाही, इतक्या उंचीवरून काहीच नाही.

कुणाचं रे, स्पिरूनं विचारलं.
खडक आहे, मी म्हणालो, डावीकडे, वळव.